थंडीत कोण पण गपच बसणार

गेल्या जुलैतली गोष्ट. पाऊस तीन दिवस धरून बसला होता आणि आमच्या प्रयोगशाळेतला लिक्विड नायट्रोजन संपला होता. तो घेऊन येणारे काका टिटवाळ्याहून येतात. गाड्या रखडलेल्या, त्यामुळे त्या दिवशी साडेअकराला उगवले. भिजलेली पँट घोट्यापर्यंत दुमडलेली आणि ट्रॉलीवर तो ॲल्युमिनियमचा ढेरपोट्या ड्यूअर, म्हणजे लिक्विड नायट्रोजनचा मोठा थर्मासच. ट्रॉलीचं एक चाक कुरकुरतं, म्हणून काका येतायत हे लिफ्टपासूनच कळतं. एरवी ते ड्यूअर ठेवतात, वहीत सही घेतात आणि जातात. त्या दिवशी बाहेर जोर जास्त होता, म्हणून जरा टेकले. मी सेलच्या, म्हणजे नमुना ठेवलेल्या काचेच्या पात्राच्या, गळ्यात नायट्रोजन ओतत होते. थोडा वेळ बघून त्यांनी विचारलं, "मॅडम, ह्याचं तुम्ही नेमकं करता काय?" मी माझं ठरलेलं उत्तर दिलं. उत्प्रेरकावर वायूचे रेणू कुठे जाऊन बसतात ते बघायचं असतं, पण साध्या हवेत ते एका जागी ठरत नाहीत, म्हणून सगळं उणे 196 अंशांपर्यंत गार करायचं, की ते जागच्या जागी बसून राहतात, मग त्यांच्यातून अवरक्त किरण सोडायचे. विज्ञान दिनाला येणाऱ्या शाळेच्या मुलांना सांगून सांगून गुळगुळीत झालेलं उत्तर. काकांनी मान हलवली. मग म्हणाले, "आणि ते काम कधी करतं? थंडीतच?" मी म्हटलं, नाही, तीनशे-चारशे अंशांना. काका हसले. "मग एवढ्या थंडीत कोण पण गपच बसणार ना मॅडम. गरमीत काय करतो ते बघायला पाहिजे."

सही घेतली आणि गेले.

ही शंका काही नवी नाही. शोधनिबंध पाठवला की परीक्षकांपैकी एक जण हमखास हेच विचारतो, फक्त सभ्य इंग्रजीत, आणि त्याच्यासाठी माझ्याकडे दोन वाक्यं तयार असतात. ती चालतातही. पण परीक्षकाला उत्तर हवं असतं. काकांना ते नको होतं, त्यांना जे दिसलं ते त्यांनी बोलून टाकलं आणि कुरकुरतं चाक घेऊन ते पुढच्या मजल्यावर गेले. संध्याकाळी कुर्ल्याला गाडी बदलताना, रात्री आमटीला फोडणी देताना ते वाक्य पुन्हा पुन्हा वर येत राहिलं. वीस वर्षं मी हे करतेय. वीस वर्षं मी ज्याला 'बघणं' म्हणतेय ते गोठलेल्या माणसाच्या नाडीवर हात ठेवणं आहे, असं कुणी इतक्या सहजपणे म्हटलं नव्हतं. राग आला नाही. चपलेत खडा जावा तसं मात्र झालं. चालता येतं, पण प्रत्येक पावलाला तो आहे हे कळतं.

माझं काम दिसायला बरंचसं स्वयंपाकासारखं आहे. उत्प्रेरकाची पूड खलात घोटायची, पिठीसाखरेसारखी झाली की डायमध्ये पसरायची आणि हायड्रॉलिक प्रेसखाली दाबून तिची चकती करायची. चौरस सेंटीमीटरला जेमतेम दहा-पंधरा मिलिग्रॅम. जाड झाली तर किरण आरपार जात नाहीत, पातळ झाली तर चिमट्यानं उचलतानाच कडेला मोडते. आई उडदाचा पापड लाटून झाला की उजेडाकडे धरून बघायची. मी चकती तशीच खिडकीकडे धरते आणि बरी निघाली तर तशीच जराशी खूश होते. मग ती चकती रात्रभर निर्वातात साडेचारशे-पाचशे अंशांवर तापवायची, कारण तिच्या कणाकणावर पाणी बसलेलं असतं आणि पाणी एकदा बसलं की दुसऱ्या कुणाला जागा देत नाही. त्या तापण्यात आणखी एक गोष्ट होते. माझा उत्प्रेरक म्हणजे झिओलाइट, अतिसूक्ष्म भोकाभोकांचं खनिज. त्यातलं बरंचसं तांबं एकेक इलेक्ट्रॉन घेऊन एकमूल्य, म्हणजे एकाच धनभाराचं होतं, आणि मला नेमकं तेच हवं असतं.

मुंबईत ह्या सगळ्याचा शत्रू म्हणजे हवा. पावसाळ्यात डेसिकेटरमधले, म्हणजे नमुने कोरडे ठेवायच्या भांड्यातले, सिलिका जेलचे निळे दाणे दोन दिवसांत गुलाबी पडतात. किरण आत जायला सेलला बसवलेल्या पोटॅशियम ब्रोमाइडच्या खिडक्या दमट हवेनं चष्म्याच्या काचांसारख्या धुरकटतात, फक्त त्या पुसून साफ होत नाहीत, घासून पॉलिश करायला लागतात. यंत्राच्या पोटातून सतत कोरडा नायट्रोजन वाहता ठेवावा लागतो. नाहीतर वर्णपटात रेणू राहिला बाजूला, खोलीतली हवाच जास्त दिसते. वर्णपटाच्या आडव्या पट्टीवर 2349 ला कार्बन डायऑक्साइड आणि 3500 ते 3900 च्या मध्ये पाण्याच्या वाफेचं झुडूप. एकदा आमच्या एका विद्यार्थ्यानं नवा पीक, म्हणजे वर्णपटातला सुळका, सापडला म्हणून मला जेवणावरून उठवून आणलं होतं. तो त्याचाच उच्छ्वास होता. झाकण लावताना पठ्ठ्या फार जवळ वाकला होता. तो इतका हिरमुसला की मी चहा पाजला, आणि मलाही दोन वर्षांपूर्वी असाच 'शोध' लागला होता हे मात्र सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुंबकानं चकती भट्टीतून खाली सरकवून खिडक्यांच्या मध्ये आणायची आणि नायट्रोजन ओतायचा. आधी तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चर्रर्र आवाज येतो. येणारच, त्याच्या लेखी खोलीतली काच तापलेला तवाच असते. मग आवाज हळूहळू बसतो, उकळी शांत होते आणि गळ्याभोवती पांढरा धूर उतरतो. बघायला आलेली मुलं त्याला नायट्रोजनचा धूर म्हणतात. नायट्रोजन दिसत नाही. तो धूर मुंबईच्या हवेतल्या पाण्याचा असतो. जानेवारीत थोडा, जुलैत टेबलाखालपर्यंत.

आणि मग कार्बन मोनॉक्साइड. अगदी चिमूटभर, एकेक डोस. ह्या वायूची भीती वाटायला हवी आणि वाटते. भिंतीवरचा डिटेक्टर हिरवा आहे ना, हे मी दर पाच मिनिटांनी बघते. पण पृष्ठभागाची चौकशी करायला ह्याच्याइतका बरा माणूस नाही. दोनच अणू, त्यांच्यामधली एकच स्प्रिंग. मोकळा असला की ती 2143 ला थरथरते. एकक प्रति सेंटीमीटर, पण ते आमच्यात कुणी उच्चारत नाही, नुसतं एकवीसशे त्रेचाळीस. तो कुणाला जाऊन चिकटला की हा आकडा हलतो, आणि कुठे हलला ह्यावरून त्याला कुणी धरलंय ते कळतं. प्लॅटिनमनं धरला तर खाली उतरतो, 2050 ते 2090 च्या घरात, आणि दोन प्लॅटिनमच्या अणूंमध्ये पूल करून बसला तर 1900 च्याही खाली. ह्याचं कारण जी. ब्लायहोल्डर ह्यांनी 1964 मध्ये मांडलं. धातू त्याच्याकडून घेतो आणि परतही देतो, पण परत दिलेले इलेक्ट्रॉन नेमके अशा जागी जातात की रेणूची आतली गाठ सैल होते. म्हणजे बाहेरून जितकी घट्ट मिठी, तितका आतून ढिला. उलट, नुसत्या धनभारित आयनाजवळ बसला तर आतली गाठ आवळते आणि आकडा 2143 च्या वर चढतो. पहिल्यांदा हे शिकले तेव्हा माटुंग्याला, केमिकल टेक्नॉलॉजीच्या संस्थेत होते. तेव्हा सगळे त्या संस्थेला यूडीसीटीच म्हणायचे. सरांनी फळ्यावर दोन बाण काढले, एक जाणारा आणि एक येणारा, आणि खडू ठेवून म्हणाले, "संसार." वर्ग हसला. मी वहीत दोन्ही बाण काढून ठेवले आणि 'संसार' हा शब्दसुद्धा लिहून घेतला.

रेणू असे पृष्ठभागावर बसलेले पहिल्यांदा नीट दिसायला लागले 1950 च्या दशकात, न्यूयॉर्क राज्यातल्या बीकन गावी, टेक्सॅकोच्या प्रयोगशाळेत. रॉबर्ट आयशेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लॅटिनमवरच्या कार्बन मोनॉक्साइडचा वर्णपट काढला. त्याआधी लेनिनग्राडला तेरेनिन ह्यांनी सच्छिद्र काचेवरचे हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, असेच न्याहाळले होते. त्यापूर्वी उत्प्रेरकावर काय चालतं ते दाब आणि वजनं मोजून ताडायचं, बंद दाराआडचं बोलणं आवाजावरून ताडावं तसं. मला आयशेन्सचा हेवा वाटतो. तो आकृतीतला पहिला खळगा कागदावर उतरताना खोलीत कसली शांतता असेल!

पण प्लॅटिनमला थंडीची गरज नसते. ती घट्ट धरणारी मंडळी, खोलीच्या तापमानालाही सोडत नाहीत. थंडी लागते ती सैल नात्यांसाठी. सिलिकाचा एखादा हायड्रॉक्सिल, झिओलाइटमधला आम्लधर्मी प्रोटॉन, सोडियमचा आयन, हे कार्बन मोनॉक्साइडला धरतात खरे, पण बोटाच्या टोकानं. फ्रेंकेलचं एक जुनं समीकरण आहे, रेणू पृष्ठभागावर सरासरी किती वेळ टिकेल ते सांगणारं. मी ते विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात करायला लावते. धरण्याची ताकद घ्या मोलला 25 किलोज्यूल. 27 अंश सेल्सियसला उत्तर येतं एका सेकंदाचा अब्जावा भाग गुणिले दोन. आता तोच रेणू, तीच जागा, तीच ताकद, फक्त तापमान 77 केल्विन, म्हणजे तेच उणे 196 अंश. उत्तर येतं सुमारे अडीच तास. मुलं कॅल्क्युलेटर पुन्हा दाबून बघतात, आपलं काहीतरी चुकलं म्हणून.

अडीच तास, आणि एका सेकंदाचे दोन अब्जांश.

मी ह्यासाठी वर्गात दादरचं उदाहरण द्यायचे. संध्याकाळी सातला दादरच्या पुलावर उभं राहा आणि कोण कुणाच्या ओळखीचं आहे ते सांगा. नाही सांगता येणार. सगळे सगळ्यांना घासून चाललेले. आता कल्पना करा की गाड्या बंद पडल्या आणि तीच माणसं पुलावर अडीच तास अडकली. कुणी कुणाची पिशवी धरली, कुणी कुणाला बिस्कीट दिलं, कोण कठड्याला टेकून एकटंच उभं राहिलं, सगळं दिसेल. 26 जुलै 2005 ला मी सायनजवळ डब्यात रात्रभर होते, त्यामुळे हे उदाहरण देताना माझा आवाज जरा बदलतो हे मला माहीत आहे. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंना मी त्याआधी वर्षभर रोज त्याच डब्यात बघत होते. त्या रात्री कळलं की त्या खिशात लवंगा ठेवतात आणि अंधाराला घाबरतात. नंतर पुन्हा गाड्या सुरू झाल्या आणि आम्ही पुन्हा एकमेकींना मान हलवून ओळख देण्यापुरत्याच राहिलो. हे उदाहरण मुलांना आवडतं. काकांच्या वाक्यानंतर मात्र मी ते दिलेलं नाही. रात्रभर अडकलेल्या डब्यात जी दिसली ती त्या बाईंची ओळख होती, की अडकलेपणाची?

इथे मला बाबांकडे यायला लागतं. टाळून बघितलं.

बाबा खताच्या कारखान्यात ऑपरेटर होते, तीन पाळ्यांमध्ये. आमच्या लहानपणाचं मुख्य वाक्य होतं, "बाबा झोपलेत." दुपारी पडदे ओढलेले, कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बारीक करायला धावणारी आई, आणि आम्ही दोघं भावंडं जमिनीवर पत्ते सुद्धा हळू टाकणारी. त्यांच्या कपड्यांना अमोनियाचा वास असायचा, धुतल्यावरही, कॉलरच्या शिवणीत. बोलायचे फार कमी. कारखान्याचा एकच मागमूस घरात होता. शटडाउनला उत्प्रेरक बदलतात तेव्हा त्यांनी रिफॉर्मरमधली एक जुनी कडी आणली होती. राखाडी, बांगडीच्या तुकड्यासारखी, मधे भोक. आजी त्या भोकात उदबत्ती खोचायची. आठशे अंशांवर मिथेन आणि वाफ फोडून आलेली निकेलची कडी पुढची पंधरा वर्षं आमच्या देवघरात मोगऱ्याचा वास सांभाळत होती. निकेलबद्दल आज जे माहीत आहे ते तेव्हा माहीत असतं तर मी तिला आधी घराबाहेर काढली असती. आता ती कुठे आहे कुणास ठाऊक, आणि मला ती फार हवी आहे.

मी डॉक्टरेटला कार्बन मोनॉक्साइडवर काम करते असं सांगितलं तेव्हा बाबांनी पेपर खाली केला. "सीओ? ते तर विष आहे." माणसाला म्हणून त्यांना म्हणायचं नव्हतं. अमोनियाच्या लोखंडी उत्प्रेरकाला ते विष आहे, म्हणून आधी वाफेच्या मदतीनं त्याचा कार्बन डायऑक्साइड करायचा, मग उरलासुरला चुकार अंश मिथेन करून टाकायचा. पाळीत 'सीओ स्लिप', म्हणजे निसटून पुढे जाणारा सीओ, वाढली की सगळ्यांची धावपळ. म्हणजे ज्याला हुसकून लावण्यात त्यांची सगळी नोकरी सरली, त्यालाच मी पाहुणा म्हणून बोलावत होते. त्यांना हे गमतीचं वाटलं असावं. नक्की सांगता येत नाही. पेपर पुन्हा वर गेला.

2016 साली ते न्हाणीघरात घसरले आणि खुबा मोडला. ऑपरेशन, मग सहा आठवडे पलंग. मी रजा टाकून चेंबूरला राहायला गेले. आणि पलंगावरचे बाबा बोलायला लागले. आधी थोडं, औषधांच्या गुंगीत असेल म्हणून मी फार लक्ष दिलं नाही. मग रोज, दुपारी चारच्या सुमाराला. एका दुपारी म्हणाले, "रात्रपाळी सुटली की मी लगेच घरी यायचो नाही. अर्धा तास माहूलच्या खाडीकडे उभा राहायचो. फ्लेमिंगो यायचे. चिखलात कुणी गुलाबी लुगडी वाळत घातल्यासारखे. आईला सांगू नकोस." आई तेव्हा जाऊन तीन वर्षं झाली होती. मी काही बोलले नाही. आम्ही सगळे त्या अर्ध्या तासाला 'बस उशिरा सुटली' म्हणायचो. आई पोहे दोनदा गरम करायची आणि तिसऱ्यांदा कोरडे होतील म्हणून वर पाण्याचा हात मारायची. मला हसू आलं आणि त्या पोह्यांसाठी घशाशीही आलं. पक्षी बघायला उभा राहणारा माणूस आमच्या घरात इतकी वर्षं झोपला होता, आणि आम्ही पत्ते हळू टाकत होतो.

मला वाटलं, आता सापडले बाबा. थांबले म्हणून दिसले.

मग पाचव्या आठवड्यात त्यांच्या पाळीतले एक काका भेटायला आले. सफरचंदं, हॉर्लिक्स, मोठा आवाज. "तुला माहितीय का, तुझा बाप कँटीनमध्ये साहेबांच्या अशा नकला करायचा की आम्हाला ताट खाली ठेवायला लागायचं." मी बाबांकडे बघितलं. ते छताच्या पंख्याकडे बघत होते, पकडले गेल्यासारखे. नकला? बाबा? काकांनी एक नक्कल करूनही दाखवली, म्हणजे बाबांनी केलेल्या नकलेची नक्कल, आणि बाबा ओठ मिटून, पोट हलवत हसले, खुबा दुखेल म्हणून जपून. त्या हसण्याला मी कधीच भेटले नव्हते. म्हणजे भट्टीजवळ एक बाबा, घरात दुसरे, पलंगावर तिसरे. सहा आठवडे संपले, वॉकर आला, मग काठी, आणि बाबा पुन्हा पेपरामागे गेले. मागच्या वर्षी शिवडीला फ्लेमिंगो आल्याचा फोटो मी त्यांना दाखवला. "हं," म्हणाले, "येतात."

नायट्रोजनवाल्या काकांच्या वाक्यानं हे सगळं हलवलं. मी गोठवून बघते, आणि जे दिसतं त्याला पत्ता म्हणते. पत्ता खोटा नसतो. पण पत्त्यावर राहणारा माणूस दिवसभर काय करतो ते पत्त्यात नसतं. आमच्या शास्त्रात ह्याचं एक अवघडलेलं दुःख आहे, आणि त्याच्याबद्दल परिषदांमध्ये चहाच्या वेळीच जास्त बोललं जातं. गरम उत्प्रेरकावरही किरण सोडता येतात. चालू अभिक्रियेत, वायू वाहत असताना, पलीकडे काय तयार होतंय ते मोजत मोजत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्याला 'ऑपेरँडो' असं लॅटिन नाव मिळालंय, काम करताना. मग प्रश्न सुटला म्हणाल तर तसंही नाही. मी एका वर्णपटासाठी तेच चित्र 64 वेळा घेऊन सरासरी काढते. जो पृष्ठभागावर नुसता बसून आहे तो 64 च्या 64 वेळा दिसतो आणि त्याचा पीक डौलदार येतो. जो येतो, काम उरकतो आणि जातो, तो गोंगाटात विरतो. डौलदार दिसणाऱ्या कित्येकांना आम्ही प्रेक्षकच म्हणतो. ते अभिक्रियेला आलेले असतात, पण बघायला. दादरच्या पुलाचा कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवून फोटो काढा, फुलवाला आणि कठड्याला टेकलेला पोरगा येईल. डबे पोचवणारा येणार नाही. थंडीत सगळेच प्रेक्षक होतात, आणि गरमीत प्रेक्षकच दिसतात. आता बोला.

ऑगस्टमध्ये पुन्हा तोच नमुना लावला. तांबं असलेला झिओलाइट. अशा झिओलाइटांचा आता मोठा धंदा आहे. डिझेलच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मारायला ते वापरतात, जोडीला युरियाचं पाणी. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे गाड्यांच्या धुराचं नवं मानक, आलं आणि आपल्याकडच्या ट्रकना युरियाची टाकी बसली. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आम्ही भातासाठी बनवत होतो." इतकंच.

एरवी माझं मोजणं झालं की नायट्रोजन आपोआप उडून जायला देते आणि जेवायला जाते. तापत जाणारी चकती कुणी बघत नाही, तापमान धड स्थिर नसतं, छापण्याजोगं काही निघत नाही. त्या दिवशी बसून राहिले. काका रिकामा ड्यूअर न्यायला आले, तर त्यांनाही स्टूल दिलं. "बघा, आता गरम होतंय." पडद्यावर 2140 ते 2180 च्या मध्ये नुसती गर्दी होती. गारठ्यात तांब्याचा एकेक आयन दोन-दोन रेणू सांभाळून असतो, ते 2178 आणि 2151 ला. त्यांच्यात घुसून आम्लधर्मी प्रोटॉनवरचे. आणि 2157 ला सिलिकाच्या हायड्रॉक्सिलला बोट लावून बसलेले. सगळे एकमेकांच्या खांद्यावर. मी दर मिनिटाला एक वर्णपट घेत गेले आणि पंप चालू ठेवला.

आधी अगदीच वरवर जमलेले निघाले. मग 2157 चा खांदा खाली बसला, आणि त्याच वेळी पडद्याच्या दुसऱ्या टोकाला 3745 चा हायड्रॉक्सिल आपल्या मूळ जागी उभा राहिला, पाहुणा गेल्यावर खुर्ची मोकळी दिसावी तसा. प्रोटॉनवरचे गेले. काकांना मी बोटानं दाखवत होते, हा गेला, हा चालला. मग 2178 आणि 2151 ही जोडी एकदमच ढासळायला लागली. तांब्यानं दोघांतला एक सोडला होता. आणि जिथून आत्ताच एक जण उठून गेला होता, त्याच 2157 वर नवा पीक वर यायला लागला. त्याच आकड्यावर, पण हा तांब्याचा, उरलेल्या एकट्याचा. पुस्तकात हे आहे. मी स्वतः शिकवलेलं आहे. एकाच पत्त्यावर दोन भाडेकरू, एक बोटानं धरलेला आणि एक मुठीनं, आणि नुसत्या आकड्यावरून कोण कोणता ते थंडीत कधीच कळणार नाही. तरी तो सावकाश चढताना मी पहिल्यांदा बघत होते, डबा न उघडता, दीड वाजला तरी.

बाबांबद्दल मला त्यातून काही कळलं असं नाही. तेवढं सोपं असतं तर बरं होतं.

सेल खोलीच्या तापमानाला आला. बाहेरच्या काचेवरचं दव ओघळून खालच्या ट्रेमध्ये ठिबकत होतं. पडदा बहुतेक सपाट, मधे तो एक पीक.

"हा कोण मग?" काकांनी विचारलं.

"तांब्यावरचा."

"हा नाय जात?"

"ह्याला अजून बराच तापवायला लागेल."

काका पुढे वाकले आणि त्यांनी पडद्यावरच्या त्या सुळक्याकडे थोडा वेळ बघितलं, नाकासमोर, त्या विद्यार्थ्यासारखंच जवळ जाऊन. मग उठले. रिकामा ड्यूअर ट्रॉलीवर चढवला, खिशातून वही काढली आणि पान उलटलं.

"उद्याला किती लिटर आणू?"

"पंचवीस आणा," मी म्हटलं, आणि सही केली.